माइकचं तोंड कुणीकडे?

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका ताईंचं पत्र आलंय, नाव देत नाही, हकीकत थोडक्यात सांगतो. वय ५६, शाळेतली नोकरी सोडून ३ वर्षं झाली, लहानपणापासून ग्वाल्हेर घराण्याची तालीम. गुरुजी ६ वर्षांपूर्वी गेले. त्यांनी स्वतः बांधलेल्या ३४ चिजा, म्हणजे बंदिशी, वहीत उतरवलेल्या आहेत पण त्या गायच्या कशा हे आता या ताईंनाच माहीत, बरोबरच्यांपैकी कुणी गाणं सोडलं, कुणी गाव सोडलं. गुरुजींचा मुलगा दर गुरुपौर्णिमेला फोन करून विचारतो, ताई, रेकॉर्डिंगचं कुठवर आलं? तर ते कुठेच आलेलं नाही, माइकपाशी अडलंय. आधी ऑनलाइन १,८०० रुपयांचं किट मागवलं, लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकात लावलं तर नुसती सूंऽऽ. मग भाच्यानं ६,५०० चा यूएसबी कंडेन्सर आणून दिला, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, थेट लॅपटॉपला लागणारा माइक. ताई लिहितात, "तो मी छोट्या स्टँडवर आडवा करून, टोक बरोबर तोंडाकडे येईल असा ठेवते, भजनाला ठेवतो तसा. तरी आवाज लांबून आल्यासारखा, पातळ, आणि पंखा काय, महूची रेल्वेगाडी काय, सगळं त्यात येतं. माझा आवाज असा नाहीये हो." आता २५,००० बाजूला काढलेत. भाचा म्हणतो मोठा स्टुडिओवाला कंडेन्सर घे, यूट्यूबवर म्हणतात पॉडकास्टवाला डायनॅमिक (स्टेजवरच्या माइकसारखा, तोंडाजवळ धरायचा) घ्या, दुकानदार तिसरंच काहीतरी दाखवतो. कुठला घेऊ की आवाज माझा वाटेल, एवढंच त्यांना हवंय.

ताई, नमस्कार.

कुठला घ्यायचा ते सांगतो, पण जरा उशिरा सांगतो, कारण तुमच्याच पत्रातल्या एका ओळीवर मी अडकलोय. "आडवा करून, टोक तोंडाकडे." पहिल्यांदा वाचताना नजरेतून सुटली, दुसऱ्यांदा वाचली आणि चहा तसाच ठेवून हसत सुटलो, तुम्हाला नाही हसलो, स्वतःला हसलो, कारण हेच मीसुद्धा केलंय आणि ते पण चांगले ७-८ महिने.

बघा, भजनाला किंवा मंडळाच्या स्टेजवर आपण जो माइक धरतो, वर गोल जाळीचं डोकं आणि खाली दांडा, तो टोकानं ऐकतो. पण तुमच्या भाच्यानं आणलाय तसले जाडजूड कंडेन्सर बहुतेक करून बाजूनं ऐकतात. मोबाइलचा टॉर्च लावून जाळीतून आत बघा, नाण्याएवढी एक चकती दिसेल, उभी. ती ज्या बाजूला तोंड करून बसलीय ती माइकची समोरची बाजू. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे कंपनीचं नाव नाहीतर आवाजाचं बटण बहुधा त्याच बाजूला असतं. म्हणजे हा माइक सरळ उभा ठेवायचा आणि त्याच्या छातीकडे तोंड करून गायचं, टाळूत नाही.

आता तुम्ही तो आडवा केलात, टोक तुमच्याकडे. मग छाती कुणीकडे झाली? बटणं वर ठेवली असतील तर छताकडे. आणि छताला काय आहे? पंखा. बिचारा माइक इतके दिवस इमानेइतबारे पंख्याची मैफल ऐकतोय आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर बसून गाताय. हे माइक साधारण बदामाच्या आकारात ऐकतात, समोरचं पूर्ण, मागचं जवळजवळ नाहीच, आणि बरोबर बाजूचं निम्मं, म्हणजे ६ डेसिबल कमी. त्यातही वरचे बारीक सूर बाजूनं नीट पोचत नाहीत, वेगळेच होऊन येतात. लांबून आल्यासारखा, पातळ, पंखा जास्त, हे जे तुम्ही लिहिलंय ना ते सगळं या एका गोष्टीतनं होऊ शकतं.

माझं हे कसं लक्षात आलं सांगतो. जेल रोडला एका दुकानात माइक घेऊन गेलो होतो भांडायला, की हा खराब दिलाय. काउंटरवरचा पोरगा विशीचा पण नसेल, त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, दोन बोटांनी माइक सरळ उभा केला, नावाची बाजू माझ्याकडे फिरवली आणि म्हणाला, अब बोलो भिया. मी काय बोलणार.

तर आज संध्याकाळी एवढं करा. माइक मधे ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि वीतभर अंतरावरून एकदा म्हणा "नावाच्या बाजूनं", मग डावीकडे जाऊन "डावीकडून", मागं जाऊन "मागून", आणि वरनं "टोकातून". आवाज प्रत्येक वेळी सारखाच ठेवा. नंतर ऐका. ज्या बाजूचा आवाज जवळचा आणि भरलेला वाटेल तीच त्याची समोरची बाजू, मग डब्यावर काही का छापलेलं असेना, कारण टोकानं ऐकणारे यूएसबी माइक पण असतात आणि तुमचा तसा निघाला तर माझी वरची सगळी थट्टा मी परत घेईन. आणखी एक, काही यूएसबी माइकला एक गोल बटण असतं, त्यावर बदामाचं चित्र, नुसत्या गोलाचं चित्र, इंग्रजी आठाचं चित्र असं असतं. ते बदामावरच पाहिजे. गोलावर राहिलं असेल तर तो चारी दिशांनी ऐकणार, मग दारावरची भाजीवाली पण तुमच्या रेकॉर्डिंगमधे सम घेऊन जाईल.

हे झालं की अर्धं काम झालं. पण अर्धंच, कारण तुमचं दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, "माझा आवाज असा नाहीये हो."

ताई, तुमचा आवाज कसा आहे हे तुम्हाला माहीत नाही. रागावू नका, मलाही माझा माहीत नाही, कुणालाच नसतो. आपण गातो तेव्हा आपला आवाज कानाला दोन वाटांनी पोचतो, एक हवेतून आणि एक आतून, जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा आवाज खालच्या सुरांना भर देतो, म्हणून आपल्याला आपला गळा भरदार, गोल वाटतो. समोर बसलेल्याला ती आतली वाट मिळत नाही, आणि माइकलाही मिळत नाही. ५० वर्षं तुम्ही हाडांसकट ऐकलेला आवाज एकदम हाडांशिवाय ऐकलात तर तो पातळच वाटणार, मग माइक ६ हजारांचा असो की लाखाचा. यात स्वस्त कंडेन्सरचं पण थोडं आहे, बऱ्याच जणांत वरचे सूर जरा चढवलेले असतात म्हणजे शब्द स्पष्ट वाटावेत, त्यानं आवाज आणखी टोकदार होतो. पण किती माइकचं आणि किती आपल्या कानाचं हे वेगळं काढता येतं. मिस्टरांना किंवा भाच्याला त्याच जागी, त्याच अंतरावर बसवा आणि दोन ओळी म्हणायला लावा, गाणं येत नसेल तर शुभंकरोती म्हणा म्हणावं. तुम्हाला रेकॉर्डिंगमधे ते त्यांच्यासारखेच वाटले तर माइक ठीक आहे. मग तुमचं रेकॉर्डिंग तुमच्याबरोबर शिकलेल्या एखाद्या मैत्रिणीला पाठवा आणि फक्त एवढंच विचारा की मी वाटतेय का. चांगलं झालंय का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.

माझा अंदाज, माइक सरळ करून, बरोबर अंतरावर बसून तुम्ही १०-१२ वेळा स्वतःला ऐकलंत की तो आवाज तुम्हालाही तुमचा वाटायला लागेल. सवय लागते हो, पासपोर्टच्या फोटोची लागते तशी.

आता अंतर. इथे तुमच्या आणि एखाद्या पॉडकास्टवाल्याच्या गरजा एकदम वेगळ्या होतात आणि यूट्यूबवरचा सल्ला तुम्हाला का लागू पडत नाही ते पण इथेच कळतं. लोक म्हणतात डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज घेत नाही. असं काही जादूचं नसतं त्यात. डायनॅमिक थोडा कमी ऐकतो म्हणून आपण त्याला ओठाशी लावतो, दोन-तीन बोटांवर, आणि तोंड इतकं जवळ आलं की खोली आपोआप मागं पडते, बस. कंडेन्सरला पण ओठाशी लावलात तर त्यातही पंखा मागंच पडेल. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबल वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो, हिशोब एवढाच. वर जवळ आल्यानं खालचे सूर फुगतात, आवाज भरदार होतो, रेडिओवाले असे मखमली का वाटतात त्याचं निम्मं कारण हेच.

मग सगळ्यांनीच ओठाशी लावावा ना? पॉडकास्टवाला मान हलवत नाही. तुम्ही ग्वाल्हेरची गायकी गाता, खुला आवाज, हात चालतात, तानेला मान फिरते, समेला थोडं पुढं येता. ५ सेंटिमीटरवर माइक असेल आणि मान फक्त ५ सेंटिमीटर मागं गेली तर आवाज ६ डेसिबलनं पडतो, वर ती जवळची भर पण जाते, म्हणजे मध्य सप्तकात तुम्ही एक बाई आणि तार षड्जावर दुसरीच. तेच माइक २५ सेंटिमीटरवर असेल तर तेवढ्याच हालचालीनं दीड डेसिबलचा फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. ख्याल गाणाऱ्याला बांधून बसवलं तर तो गातच नाही, नुसते सूर लावतो. म्हणून तुमच्यासाठी २५ सेंटिमीटर, वीतभर आणि वर थोडं. आणि एवढ्या अंतरावर गोंगाट आत येणारच असेल तर मग गोंगाटाचंच काही केलं पाहिजे, माइक कुठलाही असो.

लहानपणी एकदा काकांबरोबर मालवा हाऊसला गेलो होतो, आकाशवाणीत. स्टुडिओचं जाड दार बंद झालं आणि कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं, स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला, मी घाबरलो होतो थोडा. तसं घरी होत नाही आणि त्याच्या मागे लागायचंही नाही. पण आपल्या इकडच्या घरांत कोटा स्टोनची फरशी, चार गुळगुळीत भिंती, समोर काचेचं कपाट, त्यात बसून गायलात तर प्रत्येक सूर भिंतीवर आपटून परत माइकमधे येतो, आणि लांबून आल्यासारखं वाटतं त्यात याचाही वाटा असतो. घरातली सगळ्यात अडगळीची खोली शोधा. जिथे गाद्यांची चळत आहे, कपड्यांचं उघडं कपाट आहे, पुस्तकं आहेत, तीच तुमची स्टुडिओ. जमिनीवर सतरंजी, त्यावर जुनी गोधडी.

आणि रजई कुठे टांगायची हे बहुतेक लोक उलटं करतात. माइकच्या मागच्या भिंतीला काळा फोम चिकटवतात आणि स्वतः मोकळ्या भिंतीला पाठ लावून बसतात. पण माइक बघतो तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीकडे. तर जाड रजई तुमच्या पाठीमागे, दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवण्यापेक्षा थोडी सुटी राहिली तर जास्त चांगलं काम करते. कापसाची भारी रजई थंडीसाठी प्रत्येक घरात असतेच, पातळ फोमच्या तुकड्यांपेक्षा ती कितीतरी बरी. अंड्यांचे ट्रे लावायच्या भानगडीत पडू नका, त्यांनी काहीही होत नाही, फक्त पाहुणे विचारतात.

माइकची पाठ ठेवा खिडकीकडे, कारण पाठीकडून तो सगळ्यात कमी ऐकतो. पंखा बंद. मे महिन्यात हे बोलायला सोपं आहे मला माहितीये, म्हणून एकदम तासभर बसू नका, ८-१० मिनिटं गा, पंखा लावा, पाणी प्या, परत गा. फ्रिज शेजारच्याच खोलीत असेल तर तेवढा वेळ बंद, आणि परत चालू करायची आठवण राहावी म्हणून चपला फ्रिजपाशी काढून ठेवा, मी गाडीची किल्ली ठेवतो. वेळ तुमची तुम्हीच शोधायची. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, ती गेली की भाजी, मग शाळेच्या व्हॅन. दुपारी २ ते ४ बहुतेक कॉलन्या झोपतात. गाडीच्या वेळा तर तुम्हाला पाठच असतील. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून आशा करू नका, लग्नसराईच्या संध्याकाळी पण नाही, आणि रंगपंचमीला गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी रेकॉर्डिंग ठेवलंत तर मी काय म्हणू.

बरं, आता पैसे.

तुमचे २५,००० लगेच खर्च करू नका असं माझं म्हणणं. आधी ३-४ हजारांत तीन वस्तू घ्या. एक, हाताचा बूम स्टँड, जमिनीवर उभा राहणारा, म्हणजे बैठकीत बसून गाताना माइक वरून खाली तोंडासमोर आणता येतो आणि चौरंगावर ठेवायची गरज राहात नाही. मांडीवर ताल देता ना, चौरंगावरचा माइक ती प्रत्येक थाप ऐकतो, टॉवेलची घडी खाली ठेवली तर थोडं कमी होतं पण जात नाही. माइक नाकाच्या उंचीवर आणि थोडा खाली झुकलेला. दोन, पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोर लावायची बारीक जाळी, कारण निम्म्या बंदिशी "पिया"नं सुरू होतात आणि प, फ, भ म्हटलं की तोंडातून हवेचा झोत थेट चकतीवर आदळतो. विकत नको असेल तर भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ नायलॉनचा मोजा ताणून लावा, चालतो. तीन, कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन, वायरवाला. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि लय हलते.

हेडफोन का, तर तानपुऱ्यासाठी. तुम्ही बहुतेक मोबाइलवर तानपुरा लावून बाजूला ठेवत असाल. तो मोबाइलचा टिणटिण तानपुरा मग तुमच्या आवाजातच मिसळून कायमचा बसतो. तानपुरा आणि तबला हेडफोनमधे ऐका आणि गाण्याच्या ट्रॅकवर फक्त गळा येऊ द्या, तानपुरा मागून वेगळ्या ट्रॅकवर हवा तितकाच टाकता येतो. ऑडॅसिटी म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे सगळं होतं, भाचा तासाभरात शिकवेल. दोन्ही कान झाकून गाताना सूर हलतो असं वाटलं तर एक कान उघडा ठेवा, मात्र तो उघडा कप गालाशी दाबून ठेवायचा नाहीतर त्यातून तबला बाहेर गळतो.

लॅपटॉपवरची एक खोड पण सांगतो, यानं भल्याभल्यांचं रेकॉर्डिंग बिघडतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमधे एन्हान्समेंट, नॉइज सप्रेशन असलं जे काही चालू असेल ते बंद करा, आणि झूमवर शिकवत असाल तर ओरिजिनल साउंड चालू करा. ही सप्रेशनं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलीत, एकसारखा चालू राहणारा कुठलाही नाद म्हणजे गोंगाट असं ती समजतात, म्हणजे तानपुरा गोंगाट, आणि तुम्ही लावलेला लांब षड्ज पण थोड्या वेळानं गोंगाट. आणि लेव्हल ठेवताना तुमची सगळ्यात वरची, सगळ्यात जोरातली तान घेऊन बघा, काटा उणे १० डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. मंद्रात रेघ बारीक दिसते म्हणून घाबरून वाढवू नका, नंतर वाढवता येतं. फाटलेला तार षड्ज मात्र नंतर शिवता येत नाही.

एवढं सगळं करून महिनाभर, म्हणजे ५-६ चिजा झाल्यावर, परत ऐका. अजूनही माइकच कमी पडतोय असं वाटलं तर मग खरेदी. माझी निवड सांगतो. एक साधा चांगला एक्सएलआर कंडेन्सर (तीन पिनांच्या केबलचा) आणि एक छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉपच्या मधली डबी, दोन्ही मिळून तुमच्या २५,००० च्या आत बसतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० घ्या, बजेट ताणून रोड कंपनीचा एनटी१ घेतलात तरी हरकत नाही, पण ताणायची मला तरी गरज दिसत नाही. कारण सांगतो. कंडेन्सर माइकची स्वतःची पण एक बारीक सूं असते. एनटी१ ची ४ डेसिबल, एटी२०२० ची २०. कागदावर केवढा फरक! पण शहरातली शांत म्हणावी अशी खोलीसुद्धा साधारण ३० ची असते, म्हणजे दोघांची सूं तुमच्या खोलीच्या आवाजाखाली गाडली जाते. कुजबुजत गाणाऱ्याला तो फरक कामाचा, ग्वाल्हेरवाल्यांना कशाला.

आणि खोली कशीच शांत होत नसेल, बाजूला बांधकामच चालू असेल तर मग डायनॅमिक, शुअर एसएम५८. १९६६ पासून तोच चालत आलाय, पडला तरी चालतो, ओठाशी लागतो. पण मग मान सांभाळून गायची तयारी ठेवा. भंवरकुआँच्या होस्टेलमधे राहून रॅप किंवा कव्हर साँग करणारी मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी माझं डोळे झाकून उत्तर एसएम५८ आहे, त्यांच्या खोलीत तीन रूममेट आणि एक कूलर असतो. फक्त याच्या नकला बाजारात भरपूर फिरतात, अर्ध्या किमतीत मिळाला म्हणजे समजून जा, पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या. यूट्यूबवर सगळ्यांच्या तोंडासमोर असतो तो एसएम७बी तुमच्या बजेटात बसत नाही आणि बसला असता तरी मी नको म्हटलं असतं, त्याला ६० डेसिबलची ताकद द्यावी लागते, स्वस्त इंटरफेस तिथे धापा टाकतो, आणि तो पण ओठाशीच लागतो. पेटी घेऊन कीर्तन करणारे एक बुवा मागे विचारत होते, त्यांना दोन माइक लागतील, एकात गळा आणि पेटी दोन्ही धरायला गेलं की पेटी जिंकते.

ताई, एक जरा अवघड गोष्ट विचारू का? तुम्ही लिहिलंय "गुरुजींच्या चिजा आहेत, ऐऱ्यागैऱ्या क्वालिटीत कशा करणार". मला यात आदर दिसतो, पण थोडी भीती पण दिसते, की रेकॉर्ड झालं म्हणजे ते कायमचं, आणि माझी एखादी जागा चुकली तर ती गुरुजींच्या नावावर राहणार. तसं असेल तर त्यावर माइक हा उपाय नाही. त्यावर उपाय असा की पहिलं रेकॉर्डिंग कुणाला द्यायचंच नाही असं ठरवून करायचं. ३४ च्या ३४ चिजा आधी कच्च्या गाऊन ठेवा, स्थायी-अंतरा, लय, दोन-चार ठरलेल्या जागा, प्रत्येकी ५ मिनिटं. त्यात ख्याल रंगवायचा नाही, विस्तार नाही, फक्त चीज गुरुजींनी दिली तशी. हे तुमच्या आहे त्याच ६,५०० च्या माइकवर, तो सरळ उभा करून, होऊन जाईल. मग पक्कं रेकॉर्डिंग वर्षभर लागलं तरी लागू दे.

आणि प्रत्येक चिजेच्या आधी बोला. १९०२ साली कलकत्त्याला गायिका गौहर जान यांनी तबकड्या केल्या तेव्हा माइक नव्हताच, भोंग्यात तोंड घालून मोठ्यानं गावं लागायचं, विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ मधे आलं. त्या तबकड्यांच्या शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगतात, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या माणसांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं. तुम्ही पण तसंच करा, राग, ताल, गुरुजींनी कधी शिकवली, वहीतला शब्द आणि गाताना म्हणायचा शब्द वेगळा असेल तर तो, इथे कोमल ऋषभ जरा चढा लावायचा म्हणायचे, असलं सगळं. नोटेशनमधे हे येत नाही. फाइल वेव्ह (.wav) प्रकारात ठेवा, एमपी३ फक्त व्हॉट्सॅपवर पाठवायला, आणि एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक गुरुजींच्या मुलाकडे. येत्या गुरुपौर्णिमेला त्याचा फोन येईल तेव्हा कच्चीच का होईना पण पहिली पाच त्याला पाठवून टाका, त्याला क्वालिटीचं काही पडलेलं नसेल, वडिलांची चीज ऐकायचीय त्याला.

आणि हो, ते १,८०० वालं किट. त्याचा माइक बहुधा खराब नाहीये, असल्या कंडेन्सरला इंटरफेसमधनं ४८ व्होल्ट लागतात आणि लॅपटॉपच्या त्या भोकातून जेमतेम दोन-तीन मिळतात, म्हणून ती सूं. उद्या इंटरफेस घेतलात तर एक्सएलआर केबलनं लावून बघा एकदा. नाहीच चालला तरी त्याच्याबरोबर आलेला कैचीसारखा स्टँड आणि फोमची टोपी ठेवून द्या, बाकीचं भाच्याला देऊन टाका, त्याला असल्या वस्तू उघडून बघायला आवडत असतील.